हिवाळ्यातली मॅच आणि 'पेगच वाईट निघाला': या चुका टाळा

नोव्हेंबर ते मार्च या काळात इंग्लंडमधल्या कुठल्याही कालव्यावर मासेमारीची मॅच संपल्यावर एक वाक्य हमखास कानावर येतं: 'पेगच वाईट निघाला.' पेग म्हणजे ड्रॉमध्ये, चिठ्ठी काढून, मिळालेली काठावरची बसायची जागा. पुढच्या रविवारी तोच माणूस तेच म्हणतो, त्याच्या पुढच्या रविवारीही तेच. मग साडेसातीची भाषा सुरू होते. ड्रॉला महत्त्व आहे, ते कोणी नाकारत नाही. रांगेच्या टोकाचा पेग मिळाला तर एका बाजूला शेजारी नसतो आणि तिकडचे मासे तुमच्याकडे सरकू शकतात. थंडीत मासे दाटीवाटीने एका जागी राहतात, त्यामुळे पुलाजवळचा किंवा बांधून ठेवलेल्या बोटींसमोरचा पेग बऱ्याचदा भरलेला असतो. पण हिवाळी लीगमध्ये गुण बहुतेक सेक्शनप्रमाणे, म्हणजे शेजारशेजारच्या पेगांच्या गटाप्रमाणे, मिळतात. अख्खा कालवा जिंकायचा नसतो, आजूबाजूच्या आठ-दहा जणांच्या पुढे राहायचं असतं, आणि त्यांचं पाणी तुमच्या पाण्यासारखंच थंड आणि नितळ असतं. लागोपाठ पाच मॅच सेक्शनच्या तळाला राहणारा माणूस पेगमुळे तळाला नसतो.

साधी आकडेमोड करून पाहा. मॅच पाच तासांची, साधारण दहा ते तीन. कडक थंडीत दोन पौंड वजन पुष्कळदा सेक्शनमध्ये वरच्या दोघा-तिघांत नेऊन बसवतं. कालव्यातला रोच हा छोटा मासा सरासरी एक औंसाचा धरला तर दोन पौंड म्हणजे 32 मासे, तेही 300 मिनिटांत. साडेनऊ मिनिटांना एक. यात सहा औंसांचा एक पर्च काठाशी सुटला तर सहा रोच गेले, म्हणजे जवळजवळ तासाभराची कमाई गेली. उन्हाळ्यात मासे इतके मिळतात की चुका त्याखाली झाकल्या जातात. हिवाळ्यात त्या थेट वजनकाट्यावर दिसतात.

स्लाव, लेस्टर किंवा बर्मिंगहॅमकडे राहणारे आपले जे लोक उन्हाळ्यात तलावावर पेलेट (दाणेदार खाद्य) टाकत हा खेळ शिकतात, त्यांना पहिला हिवाळा विशेष जड जातो. कोकणात खाडीवर गरवलेल्या माणसाला भरती-ओहोटी अंगवळणी पडलेली असते. इथल्या कालव्याला भरती नाही. इथे भरतीच्या जागी तापमान असतं, आणि ते वाचायला वेळ लागतो.

शिट्टी वाजताच खाद्याचा मारा

सगळ्यात जास्त मॅच या एका चुकीने जातात, म्हणून इथे जरा थांबतो.

जानेवारीतली कुठल्याही कालव्यावरची मॅच घ्या. पाणी चार-पाच अंशांवर, रात्री दव गोठलेलं, तळ अर्धा मीटरपर्यंत स्पष्ट दिसतोय. दोन पेग शेजारी-शेजारी. पहिला माणूस शिट्टी होताच 11 मीटरवर ग्राउंडबेटचे (पाण्यात सोडायच्या कालवलेल्या खाद्याचे) संत्र्याएवढे चार गोळे सोडतो, त्यात मूठभर पिंकी (लहान मॅगट, म्हणजे माशीच्या अळ्या). दुसरा त्याच अंतरावर पोलच्या (जोड असलेल्या, बिनरीलच्या लांब काठीच्या) टोकाला लावलेल्या कपातून एकच गोळा सोडतो, सुपारीपेक्षा थोडा मोठा. पहिल्या वीस मिनिटांत दोघांनाही मासे येतात. बहुतेक वेळा पहिल्याला जास्त येतात, आणि तिथेच त्याचा घात होतो, कारण त्याला वाटतं आपलं बरोबर चाललं आहे. अर्ध्या तासाने त्याच्या फ्लोटची (चावा दाखवणाऱ्या तरंगीची) हालचाल बंद पडते. तो ठरवतो की मासे निघून गेले, त्यांना परत आणायला हवं, आणि आणखी दोन गोळे टाकतो. इथून पुढे त्याची मॅच संपलेली असते. मासे गेलेले नसतात. ते तिथेच, त्या खाद्याच्या ढिगाच्या आसपास, पोट भरून स्वस्थ उभे असतात. गळाला लावलेली एक पिंकी त्या शेकडो पिंकींमधली एक असते. शेजारचा माणूस तासाला आठ-दहा मासे या संथ गतीने चालत राहतो आणि तीन वाजता त्याचं वजन अडीच पौंडांच्या घरात जातं, तर पहिल्याचं दहा औंसांवर अडकतं.

यामागचं कारण समजून घेतलं तर हात आपोआप आखडतो. मासा थंड रक्ताचा. पाणी जितकं गार, तितकं त्याच्या शरीराचं काम मंद. रोच, ब्रीम, कार्प या कुळातल्या माशांना आपल्यासारखं जठरही नसतं, अन्न थेट आतड्यात जातं आणि थंडीत ते पुढे सरकायला फार वेळ घेतं. ऑगस्टमध्ये जे खाद्य दहा मिनिटांत फस्त होतं, त्याने जानेवारीत तोच मासा दिवसभरासाठी तृप्त होऊ शकतो. आणि पाण्यात पडलेलं खाद्य बाहेर काढायची सोय नाही.

जिथे ब्लडवर्म आणि जोकर, म्हणजे चिलटांच्या मोठ्या आणि बारीक लाल अळ्या, चालतात (बऱ्याच क्लबांत आणि जवळपास सगळ्या खासगी तलावांवर त्यांना बंदी असते, आधी विचारा), तिथे कडक थंडीच्या पाच तासांना पाव पिंट जोकर, म्हणजे 140 मिलीच्या आसपास, पुरतो. तो सगळा संपलाच पाहिजे असंही नाही. ओलसर लीम (जड, बारीक) मातीत चमचाभर जोकर हलक्या हाताने कालवायचा, सुपारीएवढा गोळा करायचा आणि कपानेच सोडायचा. हाताने फेकलेला गोळा पाण्यावर आपटून फुटतो आणि जोकर दोन मीटरच्या घेरात पसरतो. मग मासेही पसरतात. लीमचा उपयोग वजनापुरता आहे, तिच्यात खाण्यासारखं काही नसतं, म्हणून ती माशाचं पोट भरत नाही. जोकरसाठी नेहमीचं ग्राउंडबेट वापरणाऱ्यांना हा फरक लक्षात येत नाही.

ब्रेडने सुरुवात करायची असेल तर पांढऱ्या स्लाइस ब्रेडच्या कडा काढून मिक्सरमधून फिरवा, चाळणीने चाळा आणि किंचित दाबून सुपारीएवढी एकच गोळी कपाने सोडा. गळाला तीन-चार मिलिमीटर पंचने (ब्रेडचे गोल तुकडे पाडायच्या नळीने) काढलेला तुकडा, गळ 20 किंवा 22 नंबरचा. कालव्यावर ब्रेडची चलती बहुधा पहिला तासभर असते. ती ओसरली की ब्रेडवर आणखी ब्रेड टाकू नका. दुसऱ्या जागी पिंकी, स्क्वॉट (त्याहून बारीक अळ्या) किंवा जोकरकडे वळा.

चावे थांबले की काय करायचं, याचा क्रम ठरलेला असावा. आधी काहीही टाकायचं नाही. गळावरचं आमिष बदला. फ्लोट दहा-पंधरा सेंटिमीटर उचलून पुन्हा सावकाश खाली सोडा, थंडीत पुष्कळ चावे या हालचालीवर येतात. मग अर्धा मीटर डावीकडे, अर्धा मीटर उजवीकडे, खाद्याच्या कडेला पाहा, कारण धास्तावलेले मासे ढिगाच्या मध्यापेक्षा कडेला उभे राहतात. त्यानेही काही झालं नाही तर ती जागा वीस मिनिटं पूर्ण सोडून द्या आणि दुसऱ्या जागेवर जा. परत आल्यावर चावा आला, तर समजा की त्यांना विश्रांती हवी होती. एवढं सगळं करूनही जागा मेलेलीच असेल, तेव्हा सुपारीएवढं खाद्य टाकायचा विचार करा. बहुतेक लोक याच्या नेमकं उलटं करतात, खाद्य आधी आणि बाकीचं नंतर. हातात डबा असला की तो रिकामा करायची घाई होते, आणि ही घाई इतकी पक्की बसलेली असते की डबाच लहान आणा असं सांगावं लागतं.

एक अपवाद आहे. चावे छान चालू असताना अचानक, एका क्षणात बंद पडले आणि त्याआधी पाणी ढवळल्यासारखं दिसलं किंवा हातातला मासा ओरखडे पडून वर आला, तर तिथे पाइक हा शिकारी मासा आला आहे. खाद्याचा याच्याशी संबंध नाही. दोन-तीन मीटर बाजूला सरका आणि अर्ध्या तासाने मूळ जागी येऊन पाहा.

खोली न मोजता बसणं

ही दुसरी चूक आणि हिचा राग जास्त येतो, कारण हिला पैसे लागत नाहीत, कौशल्यही फारसं लागत नाही, फक्त वीस मिनिटं लागतात. मॅचपूर्वी पेगवर बसायला तास-दीड तास मिळतो. त्यात चहा पिऊन होतो, गप्पा होतात, सहा टॉप किट (पोलचे टोकाकडचे सुटे भाग) सजवून होतात, आणि खोली मात्र एका जागी, एकदा, घाईत मोजली जाते.

नेहमीच्या अरुंद कालव्याचा तळ काटछेदात पाहिला तर जवळच्या काठाला उथळ कट्टा, मग उतार, मध्ये बोटींनी खोदलेला चर, पुन्हा उतार आणि पलीकडे दुसरा कट्टा असतो. मधला चर साधारण चार-पाच फूट, कट्टे दीड-दोन फूट. थंडीत छोटे मासे बहुधा उताराच्या पायथ्याशी, जिथे तळ सपाट व्हायला लागतो तिथे राहतात. उतारावर गोळा सोडला तर तो घरंगळत चरात जातो आणि तुम्ही मात्र वर मासे शोधत बसता. ही जागा डोळ्यांनी दिसत नाही. ती ओळंब्यानेच सापडते.

ओळंबा हलका घ्या, 10 ते 15 ग्रॅम. तीस ग्रॅमचा ओळंबा कालव्याच्या गाळात बोटभर रुततो आणि खोली जास्त दाखवतो. गळाला अडकवून तो आपटू नका, सावकाश तळाला टेकवा. चार मीटरपासून सुरुवात करून दर अर्ध्या मीटरला मोजत जा. फ्लोट बुडायला लागला म्हणजे खोली वाढली, वर आला म्हणजे कमी झाली. लागोपाठ दोन-तीन ठिकाणी सारखीच खोली आली की पायथा सापडला. तिथे पोलचा कुठला जोड हातात येतो ते लक्षात ठेवा किंवा पोलवर टेपची पट्टी लावा, आणि समोरच्या काठावर एखादं झाड, पाटी, भिंतीतली वेगळी वीट अशी खूण धरा. ही खूण नसेल तर तासाभरात तुम्ही खाद्याच्या जागेपासून मीटरभर सरकलेले असता आणि मासे गेले असं समजता.

मग डाव्या-उजव्या बाजूलाही मोजा. ओळंबा वर ओढताना गळाला सडकं पान आलं तर दुसरी जागा पाहा. शरद ऋतूत पडलेली पानं जानेवारीपर्यंत तळाशी थर करून असतात आणि त्या थरात आमिष गडप होतं. मीटरभर इकडे-तिकडे स्वच्छ तळ असतो, तो शोधायला हवा.

खोली ठरली की टॉप किटवर खडूने किंवा करेक्शन फ्लुइडने खूण करा, म्हणजे दोरी तुटली तरी नवा रिग (दोरी, फ्लोट आणि गळ यांचा संच) तिथेच लावता येतो. सुरुवात तळाला जेमतेम टेकण्यावर करावी. पाणी सरकत असेल तर आमिष तळावर एक-दोन इंच लोळवा.

पाणी सरकतं, हे कालव्यावर नवीन आलेल्यांच्या गावी नसतं. अर्ध्या मैलावर कोणी लॉकचा, म्हणजे बोटी वरखाली न्यायच्या पाणकुंडाचा, दरवाजा उघडला की तुमच्या पेगवर पाणी आधी एका बाजूला आणि मग उलट वाहायला लागतं, आणि पातळी इंच-दोन इंच बदलू शकते. फ्लोटचं टोक दोन-तीन मिलिमीटरच बाहेर ठेवलेलं असेल, आणि थंडीत ते तसंच ठेवायला हवं, तर पातळी इंचभर उतरल्यावर आमिष तळावर इंचभर जास्त पडतं आणि तुमचं टोक वर येतं. इंचभर चढली तर आमिष तळापासून उचललं जातं. दोन्ही वेळेला चावे बंद. मग माणूस खाद्य टाकतो, आणि वरच्या पहिल्या चुकीत जाऊन पडतो. म्हणून दर तासाला, चावे आले तरी आणि नाही आले तरी, ओळंबा पुन्हा लावा. एक मिनिट जातं.

फ्लोटचा ढोबळ हिशोब दर फूट खोलीला 0.1 ग्रॅम. चार फुटांना 0.4 ग्रॅम. पाणी स्थिर आणि वारा शांत असेल तर 0.2-0.3 चालतो, सरकत्या पाण्यात 0.5 घ्या आणि फ्लोट थोडा मागे धरून आमिष पाण्याच्या गतीपेक्षा हळू जाऊ द्या. हलका फ्लोट नाजूक म्हणून नेहमीच चांगला, हा समज दुकानातून येतो. वाऱ्यात लटपटणाऱ्या फ्लोटवर चावा कळत नाही आणि आमिष नैसर्गिकही दिसत नाही.

दोरी, गळ, इलॅस्टिक

नितळ पाण्यात 0.12 मिलिमीटरची हुकलेंथ (गळाला बांधलेला दोरीचा शेवटचा तुकडा) लावून बसणाऱ्याने चाव्यांची अपेक्षा करू नये. कालव्यावर मुख्य दोरी 0.10, हुकलेंथ 0.07 किंवा 0.08, गळ ब्लडवर्मला बारीक तारेचा 22 किंवा 24, पिंकीला 20 किंवा 22. इतकी बारीक दोरी तुटेल ही भीती इलॅस्टिक (टॉप किटमधला, माशाचा झटका सोसणारा रबरी धागा) चुकीचं असेल तेव्हाच खरी ठरते. रोचला 3 ते 5 नंबरचं इलॅस्टिक. झटका देऊन नाही, पोल हाताच्या लांबीएवढा उचलून मासा अडकवायचा. मासे काठाशी सुटत असतील तर दहात आठ वेळा इलॅस्टिक जास्त घट्ट असतं, नाहीतर सकाळपासून तोच बोथट गळ चालू असतो. गळ नखावर घासून पाहा, घसरला तर बदला.

पोलच्या टोकापासून फ्लोटपर्यंतची दोरी नितळ पाण्यात जवळजवळ मीटरभर ठेवा. आखूड ठेवली की पोलचं टोक आणि त्याची सावली माशांच्या डोक्यावर येते. वारा असेल तर मात्र आखूड करावीच लागते, तिथे ताबा महत्त्वाचा.

तापमान शून्याखाली असताना टॉप किटमध्ये शिरलेलं पाणी आत गोठतं आणि इलॅस्टिक बाहेर येतच नाही. मासा लागतो, पोल वाकतो, दोरी तुटते आणि माणूस दोरीला दोष देतो. प्रत्येक माशानंतर टॉप किट झटकायची सवय लावा, वापरात नसलेले टॉप किट टोक खाली करून ठेवा आणि मासा लागण्याआधी मधूनमधून इलॅस्टिक हाताने ओढून पाहा. पोलचे जोडही गोठून अडकतात, म्हणून जोडताना कोरड्या फडक्याने पुसा. ओलं फडकं वेगळं ठेवा. एकच फडकं सगळ्याला वापरलं की अकरा वाजता ते लाकडासारखं कडक होतं.

दोरीला लावायच्या वजनांच्या बाबतीत कायदा लक्षात असू द्या: इंग्लंड आणि वेल्समध्ये 0.06 ग्रॅमपासून 28.35 ग्रॅमपर्यंतच्या शिशाच्या वजनांवर 1987 पासून बंदी आहे. जुन्या डब्यात सापडलेले शिशाचे शॉट (छोटे मणी) पेगवर आणू नका.

आमिष गोठू देणं

गोठलेला जोकर काळा पडतो आणि मेलेला जोकर मासा टाळतो. घरी तो फ्रिजमध्ये ओल्या वर्तमानपत्रात ठेवा, काठावर झाकलेल्या डब्यात, डबा जमिनीवर नाही तर बॉक्सवर. मॅगट आणि पिंकी गारठल्या की काडीसारख्या ताठ होतात. गळासाठीच्या पन्नास-साठ वेगळ्या छोट्या डबीत घालून जॅकेटच्या आतल्या खिशात ठेवल्या की वळवळतात, आणि थंड पाण्यात ती वळवळच चावा आणते. आदल्या रात्री मॅगट चाळून स्वच्छ मक्याच्या पिठात ठेवा. मागच्या आठवड्यातले उरलेले वापरून पैसे वाचवायचे असतील तर मॅचची फी वाचवणं जास्त सोपं आहे.

बर्फ

पातळ बर्फ असेल आणि क्लबचा नियम परवानगी देत असेल तर पेगवर पोचल्याबरोबर फोडा, शिट्टीच्या दहा मिनिटं आधी नको. दोरीला बांधलेलं जड वजन टाकून जवळच्या काठापासून समोरपर्यंत पट्टा मोकळा करा आणि तुकडे बाजूच्या बर्फाखाली ढकला. तरंगते तुकडे दोरीला अडकतात. फोडल्यावर पहिला तास शांत जातो, त्या तासात खाद्य टाकणं म्हणजे वाया. बर्फावर पाय ठेवायचा नाही, मासा किंवा पोल कितीही महत्त्वाचा असला तरी.

बोट आली म्हणून वैतागणं

हिवाळ्यात बोटी कमी असतात, त्यामुळे एखादी आली की लोक चिडतात. पंख्याने तळ ढवळतो, पाणी गढूळ होतं, आणि नितळ पाण्यात बिचकलेले मासे त्या गढूळपणात दहा-पंधरा मिनिटं निर्धास्त खातात. पाणी स्थिरावू द्या, ओळंबा लावा, सुपारीच्या अर्ध्या मापाचं खाद्य द्या आणि ताबडतोब त्यावर आमिष सोडा. बोट भरपूर खाद्यावरून गेली तर ते सगळीकडे विखुरतं, हे कमी खाद्य टाकण्याचं आणखी एक कारण.

हवामान उलटं वाचणं

'आज फार थंडी आहे, मासे लागणार नाहीत' हे अर्धवट आहे. चार दिवस सलग गारठा असेल तर पाणी स्थिर असतं आणि मासे त्याला सरावलेले असतात, मग चार अंशांतही चावे येतात. वाईट दिवस तो, ज्याच्या आदल्या रात्री तापमान अचानक कोसळलं, किंवा बर्फ वितळून गार पाणी कालव्यात आलं. अशा दिवशी योजना बदला: गळ आणखी एक नंबर बारीक, खाद्य निम्मं, आणि मासे जिथे आहेत तिथे जाऊन शोधायची तयारी. हवेचं तापमान मोबाइलवर पाहून उपयोग नाही, दोरीला बांधलेला थर्मामीटर पाण्यात सोडा. मॅचगणिक पाण्याचं तापमान, पेग आणि वजन वहीत लिहिणारा माणूस दोन हिवाळ्यांत बाकीच्यांच्या पुढे जातो. ॲपमध्ये लिहिलेलं कोणी परत वाचत नाही.

तलावावर दर पाच मिनिटांनी कास्ट

कालवा सोडून कार्प आणि एफ-वनच्या (कार्पच्या एका संकराच्या) तलावावर आलात तर चूक बदलते. इथे जास्त खाद्याबरोबर उतावळेपणा येतो. पाणी सहा अंशांखाली गेलं की कार्प एका जागी गठ्ठ्याने उभे राहतात आणि जवळजवळ हलत नाहीत. अशा वेळी पेलेटचा फीडर (खाद्य भरून दोरीला लावायची जड कुपी) दर पाच मिनिटांनी त्यांच्या डोक्यावर आपटणं म्हणजे त्यांना हाकलणं.

साधं वजन लावा, 10 ते 15 ग्रॅम, फीडर नको. सात ते दहा मिलिमीटरच्या पंचने काढलेल्या ब्रेडच्या तीन-चार चकत्या हेअरवर (गळाला बांधलेल्या आखूड धाग्यावर), हुकलेंथ 30 ते 45 सेंटिमीटर, म्हणजे ब्रेड तळापासून वर तरंगतो आणि नितळ पाण्यात लांबून दिसतो. काहीही खाद्य न टाकता, शेजाऱ्यांपासून शक्य तितकं दूर मोकळ्या पाण्यात टाका. वीस मिनिटं घड्याळ लावून थांबा. काही झालं नाही तर पाच मीटर बाजूला. रॉडचं टोक थरथरतं पण वाकत नाही, तेव्हा मासे दोरीला घासत आहेत. झटका देऊ नका, पुढच्या वेळी थोडं जवळ टाका. एकदा मासा मिळाला की अगदी त्याच जागी, रीलची दोरी क्लिपला लावून. नवशिक्या माणसाला वीस मिनिटं काहीच न करता बसणं सहन होत नाही हे खरं, पण ज्याला ते जमत नाही त्याने जानेवारीत रॉड घेऊन येऊ नये असं माझं ठाम मत आहे.

एफ-वन कार्पपेक्षा थंडीत जास्त खातात. त्यांच्यासाठी पोल, 0.10 ची हुकलेंथ, मऊ इलॅस्टिक आणि टोकाला लावलेल्या छोट्या कपातून दर वेळी पाच-सहा मॅगट. आठ केले की काय बिघडेल, असं वाटतं. बिघडतं.

काही गोष्टी एका ओळीत

पोल कार्बनचा असतो आणि ओला असतो, विजेच्या तारांपासून किमान 30 मीटर दूर राहा, पेग ड्रॉमध्ये आला असला तरी बदलून मागा. गोठलेल्या काठावर बॉक्स ओढू नका, उचला, आवाज पाण्यात जातो. तेरा वर्षं पूर्ण झालेल्या प्रत्येकाला रॉड लायसन्स लागतं, 13 ते 16 वयाच्या मुलांना ते फुकट असतं पण काढावं लागतं. नदीवर 15 मार्च ते 15 जून बंदी असते, मॅचची तारीख त्यात बसत नाही ना ते पाहा. बोटं उघडी ठेवणारे हातमोजे घ्या, बधिर बोटांनी 24 नंबरचा गळ बांधता येत नाही, म्हणून हुकलेंथ घरूनच बांधून आणा.

शेवटचा तास सोडून देणं

दोन वाजता हात गारठलेले, वजन कमी, आणि माणूस मनाने गाडीत जाऊन बसलेला असतो. प्रकाश कमी व्हायला लागतो तो याच वेळी. डिसेंबरमध्ये लंडनला चारच्या आत सूर्य मावळतो. मोठा पर्च आणि हायब्रिड (संकरित मासे) बऱ्याचदा याच वेळी तोंड उघडतात. त्यांच्यासाठी जागा सकाळीच तयार करावी लागते. जवळच्या कट्ट्याच्या पायथ्याशी, चार-पाच मीटरवर, अकराच्या सुमारास बारीक कापलेल्या गांडुळांचा एक छोटा कप आणि दहा-बारा कॅस्टर (मॅगटचे कोष). त्यानंतर तिथे डोकावायचंही नाही. दर पंधरा मिनिटांनी 'पाहू तरी' म्हणून तिथे फ्लोट सोडणारा माणूस दुपारपर्यंत ती जागा संपवतो. साडेबाराला अर्धा कप, आणि दीडच्या पुढे गळाला गांडुळाचा दोन सेंटिमीटरचा तुकडा, गळ 16 किंवा 18, इलॅस्टिक 6 ते 8. वीस मिनिटांत काही नाही तर परत छोट्या माशांवर या आणि दहा मिनिटांनी पुन्हा जा. आठ औंसांचे दोन पर्च म्हणजे एक पौंड, सोळा रोच.

अशा वेळी मोठा मासा लागलेला असताना शेवटची शिट्टी झाली तर तो मोजला जातो की नाही, आणि बाहेर काढायला किती मिनिटं मिळतात, हे क्लबागणिक वेगळं असतं. ते ड्रॉच्या वेळी विचारून घ्या.